भोवत्याची नोंद, अकरा आठवडे आणि एक मेल

इंदापूर तालुक्यातल्या एका शिक्षक पक्षीमित्रांनी विचारलं आहे. जानेवारीत कडबनवाडीच्या माळावर संध्याकाळी त्यांना हेन हॅरियर या भोवत्याची, म्हणजे माळावर गवतावरून खालून उडणाऱ्या शिकारी पक्ष्याची, मादी दिसली. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमा करणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठावर, चेकलिस्ट (पाहिलेल्या पक्ष्यांची यादी) भरताना ॲपनं खुलासा मागितला, तेव्हा त्यांनी ‘नीट पाहिली, खात्री आहे’ एवढं लिहिलं. अकरा आठवड्यांनी नोंदी तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा मेल आला: पॅलिड आणि मॉन्टेग्यू (तसेच दिसणारे दुसरे दोन भोवते) कशावरून वगळलेत? फोटो नव्हता. सरांनी जरा तिखट उत्तर दिलं आणि नोंद ‘अनकन्फर्म्ड’ झाली. त्यांचा प्रश्न असा, की बारा वर्षं पक्षी बघणाऱ्या माणसाला कुणीतरी घरबसल्या खोटं ठरवणार असेल, तर याद्या भरायच्या कशाला?

सर, याद्या भरणं थांबवू नका, हे आधी सांगतो. मग बाकीचं.

मी पंचवीस वर्षं पक्षी बघतोय आणि त्यातली नऊ वर्षं दोन जिल्ह्यांच्या नोंदी तपासतोय. तुमची नोंद माझ्याकडे आली नव्हती. पण तुम्ही मला मेलची नक्कल पाठवलीत, म्हणून स्पष्ट सांगतो: ‘नीट पाहिली, खात्री आहे’ एवढ्यावर मीसुद्धा हेन हॅरियर कन्फर्म केला नसता. तुमच्या जागी माझा तीस वर्षं मुरलेला मित्र असता तरी नसता केला.

तुमची नोंद अडली, ती कुणी तुमचं नाव वाचलं म्हणून अडली नाही. ई-बर्डवर प्रत्येक भागासाठी एक फिल्टर असतो. त्यात प्रत्येक पक्ष्यापुढे वर्षातल्या वेगवेगळ्या काळाचे आकडे. या भागात या दिवसांत हा पक्षी एका यादीत जास्तीत जास्त किती दिसावा, तो आकडा. साळुंकीपुढे तो मोठा असतो. हेन हॅरियरपुढे आपल्याकडे शून्य असणार, कारण तो हिवाळा काढतो हिमालयाच्या पायथ्याशी आणि उत्तरेकडच्या मैदानांत. दख्खनच्या माळावर तो फारच विरळा. आकडा ओलांडला की नोंद आपोआप बाजूला पडते. माझ्याही पडतात. गेल्या हिवाळ्यात माझी भोरड्यांच्या थव्याची नोंद अशीच अडली. संध्याकाळी रातथाऱ्याला येणारा थवा होता, आकडा मोठा होता, आणि कसा मोजला ते मला लिहावं लागलं.

बाजूला पडलेली नोंद मग माणसाकडे येते. हा माणूस कोण? माझ्या ओळखीतल्या रिव्ह्यूअरांत एक बँकेत आहेत, एक जनावरांच्या डॉक्टर आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत, आणि एक मुलगी एमएस्सी करतेय. कुणाला पगार नाही, मानधन नाही. दिवसाचं काम उरकून, जेवणं झाली की लॅपटॉप उघडायचा.

अशी एक रात्र सांगतो. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे चार दिवस असतात. कॉलेजं, शाळा, सोसायट्या, सगळे याद्या भरतात, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यात माझ्यापुढची रांग नेहमीच्या कित्येक पट होते. एका ओळीत पक्ष्याचं नाव, आकडा, जागा, तारीख, निरीक्षक आणि त्यानं लिहिलेली टीप. पहिली ओळ: हळदीकुंकू बदक, ५५०. टीप कोरी. गावतळं एवढंसं, ५५० कुठून येणार? बहुधा ५५ लिहायचं असेल. मेल पाठवला. दुसरी ओळ: पट्टकदंब हंस, जुलै महिना. हा हंस हिवाळ्यात येतो, म्हणजे जुने फोटो चढवताना तारीख चुकली असावी. मेल पाठवला. तिसरी: पुण्यातल्या पाषाण तलावाच्या पिनवर रोहित पक्ष्यांचा मोठा थवा. यादी उघडली तर अंतर शंभर किलोमीटरच्या पुढचं. सकाळी पाषाण, दुपारी भिगवण, आणि सगळं एकाच यादीत. मेल पाठवला. चौथ्या ओळीला फोटो आहे, पण काळपट. तो उजळून, मोठा करून, दोन पुस्तकं उघडून वीस मिनिटं गेली आणि तरी ठरेना. तो मग दुसऱ्या एका जाणकाराकडे पाठवायचा आणि वाट बघायची. एव्हाना साडेअकरा वाजलेले असतात.

तुमची नोंद जानेवारीतली. म्हणजे तिच्यापाठोपाठ हा सगळा लोंढा येऊन पडला. अकरा आठवडे फार झाले, हे मी मान्य करतो. पण ते कसे झाले हे मी रोज बघतो, म्हणून सांगितलं.

आता तुमच्या भोवत्याकडे येऊ. खरी गोम तिथंच आहे.

तुम्ही मला फोनवर सांगितलंत: तपकिरी, चांगला भरदार, गवतावरून खालून उडत होता आणि शेपटीच्या मुळाशी ठसठशीत पांढरा पट्टा होता, म्हणून हेन. सर, तो पांढरा पट्टा पॅलिडच्या मादीला असतो, मॉन्टेग्यूच्या मादीला असतो, आणि दोघांच्या पिल्लांनाही असतो. आपल्या माळावर हिवाळ्यात येणारे तपकिरी भोवते म्हणजे बव्हंशी हेच दोघे. तेव्हा पट्ट्यावरून निकाल लागत नाही. निकाल लागतो पंखाच्या टोकाशी. पंख पसरला की टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी सुटी दिसतात. पॅलिड आणि मॉन्टेग्यूला अशी चार बोटं दिसतात, हेनला पाच. त्या पाचव्या बोटामुळे हेनचा पंख टोकाशी रुंद आणि बोथट वाटतो. बाकी दोघांचा निमुळता, टोकदार. मग चेहरा. पॅलिडच्या मानेभोवती फिकट कॉलर असते आणि तिच्या मागे गडद पट्टा, गळ्यात मफलर गुंडाळल्यासारखा. पिल्लाच्या अंगावर तर हे लांबूनही उठून दिसतं. मॉन्टेग्यूच्या पिल्लाला ती स्वच्छ कॉलर नसते. उडण्याची ढबही वेगळी: मॉन्टेग्यू हलका, लांब पंखांचा, वाऱ्यावर तरंगल्यासारखा, हेन जड अंगाचा.

आणि आकाराचं म्हणाल, तर संध्याकाळचा तिरपा उजेड, मोकळा माळ, शेजारी तुलनेला दुसरा पक्षी नाही. अशा वेळी सगळेच भोवते भरदार दिसतात. मला स्वतःला दिसलेत.

रिव्ह्यूअरनं ‘पॅलिड आणि मॉन्टेग्यू कशावरून वगळलेत’ असं विचारलं, त्यामागे हे सगळं होतं. प्रश्न कोरडा होता, पण अचूक होता. तुमच्या टिपेत असं काही असतं तर? ‘सूर्यास्ताच्या आधी वीस मिनिटं, उजेड पाठीमागून, अंतर साधारण साठ मीटर, दोन मिनिटं पाहिला. डोक्यावरून जाताना उजव्या पंखाच्या टोकाशी पाच बोटं मोजली, दोनदा. कॉलर दिसली नाही. शेजारून नेहमीचा मॉन्टेग्यू नर गेला, त्याच्यापेक्षा अंगानं स्पष्ट जाड.’ फोटो नसतानाही ही टीप मी दोन माणसांना दाखवली असती, चर्चा केली असती. कदाचित तरीही नोंद अनकन्फर्म्डच राहिली असती, कारण इतक्या विरळ्या पक्ष्याला फोटोचा आधार लागतोच. पण ती टीप तिथं राहिली असती. पाच वर्षांनी त्याच माळावर कुणाला हेनचा फोटो मिळाला, तर तुमची टीप पुन्हा उघडून वाचता आली असती. ‘खात्री आहे’ या दोन शब्दांत मागे जाऊन बघण्यासारखं काही उरत नाही.

अनकन्फर्म्ड म्हणजे खोटं, असा तुमचा समज झालाय, तो मनातून काढून टाका. तुमच्या यादीत, तुमच्या लाइफ लिस्टमध्ये (आजवर पाहिलेल्या सगळ्या पक्ष्यांच्या यादीत) तो पक्षी तसाच राहतो. तो कुणी पुसत नाही. फक्त सगळ्यांसाठीच्या नकाशात आणि अभ्यासाला जाणाऱ्या माहितीत तो जात नाही.

तिथं एवढं जपायचं कारण काय, ते आपल्याच मातीतल्या एका गोष्टीवरून सांगतो. रानपिंगळा हे छोटं घुबड तुम्हाला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नाही. फक्त एक अपवाद होता: रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या नामांकित लष्करी अधिकाऱ्याचा १९१४चा नमुना, गुजरातेत तापीकाठी मांडवीला मिळवल्याचं त्यानं लिहून ठेवलेलं. माणूस मोठा, संग्रह मोठा, शब्दावर शंका कोण घेणार? पुढं कितीतरी वर्षं रानपिंगळ्याची शेवटची नोंद म्हणून १९१४च धरली गेली आणि शोधाची जागाही तिच्यावरून ठरू लागली. १९९०च्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी तो नमुना बारकाईनं तपासला. निघालं असं, की तो डेव्हिडसनचाच जुना पक्षी. चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. त्या माणसाच्या संग्रहात असे आणखीही कितीतरी नमुने निघाले. मग मांडवी बाजूला ठेवून त्या शोधकांनी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला. तेव्हा तो धुळे जिल्हा होता. पुढच्याच वर्षी नंदुरबार वेगळा झाला. ११३ वर्षांनी सापडला.

ती लबाडी होती, तुमची नोंद प्रामाणिक आहे. या दोन्हींची तुलना मी करत नाही. पण नकाशावरचा चुकीचा ठिपका लबाडीतून आलाय की घाईतून, हे ठिपक्याकडे बघून कळत नाही. तो बघून पुढचा माणूस तिथं जातो, तिथं शोधतो, आणि तिथलं काही वाचवायचं की नाही ते ठरवतो.

याच पक्ष्याची दुसरी बाजूही आहे, आणि मला ती जास्त आवडते. २०१४मध्ये मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा दिसला. तोवर तो सातपुडा, मेळघाट अशा रानांतला पक्षी. पश्चिम घाटात तो असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण फोटो होते, चिन्हं दिसत होती, म्हणून नोंद मानली गेली आणि पक्ष्याचा ज्ञात प्रदेशच वाढला. अनपेक्षित नोंदीला कुणाचा विरोध नसतो. उलट रिव्ह्यूअर रात्री अकराला अशाच नोंदीची वाट बघत असतो, आणि ती टिकावी म्हणूनच प्रश्न विचारतो.

आज या याद्यांवर काय उभं आहे ते बघा. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’चा २०२३चा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे, ९४२ प्रजातींचा त्यात आढावा आहे. माळरानांवरचे पक्षी आणि शिकारी पक्षी जास्त घटताहेत, हे त्यातूनच दिसलं. भोवत्या दोन्हींत मोडतो. तुमच्या कडबनवाडीच्या याद्या, अगदी फक्त चंडोल आणि गप्पीदास असलेल्यासुद्धा, त्या कामी येतात. म्हणून थांबू नका म्हटलं.

मेल आल्यावर पहिल्यांदा जे होतं ते माझंही झालेलं आहे. रिव्ह्यूअर होण्याच्या आधीची गोष्ट. पुण्याजवळच्या एका टेकडीवर मला बेसरा, म्हणजे शिक्र्यासारखाच दिसणारा शिकारी पक्षी, दिसला असं मी ठरवलं. फोटो होता. रिव्ह्यूअरनं विचारलं, गळ्यावरची मधली रेघ किती जाड दिसते? मी दोन दिवस मेलला उत्तर दिलं नाही, मनात धुमसत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी फोटो पूर्ण मोठा करून बघितला. रेघ होती, पण बारीक. छातीवरच्या रेघोट्या बघून मी आधीच बेसरा ठरवून टाकला होता आणि गळा बघितलाच नव्हता. तो शिक्र्याचा पोरवयातला पक्षी होता. नोंद बदलली, उत्तर पाठवलं. त्या रिव्ह्यूअरनं मला बेसरा आणि लहान शिक्र्याचे सहा फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. आज शिकारी पक्षी तपासताना मी पहिल्यांदा गळा बघतो, तो त्या सहा फोटोंमुळे.

हल्ली एक नवाच प्रकार वाढलाय, तोही सांगून टाकतो. मर्लिन ॲपनं आवाजावरून नाव सुचवलं की ते थेट यादीत जातं. ॲप चांगलं आहे, मीही वापरतो. पण आपल्याकडे भृंगराज पक्षी शिक्र्याची, सर्पगरुडाची हुबेहूब नक्कल करतो आणि ॲप फसतं. म्हणून ‘तुम्ही स्वतः ऐकला का, पाहिला का’ असं विचारलं जातं. विचारलं तर रागावू नका. रेकॉर्डिंग असेल तर जोडा, प्रश्न तिथंच मिटतो.

रिव्ह्यूअर चुकत नाहीत असं मी अजिबात म्हणणार नाही. साच्यातला मेल पाठवतात, ज्यात ‘नमस्कार’सुद्धा धड नसतो. बारा वर्षं पक्षी बघणाऱ्याला आणि पहिल्या दिवशीच्या मुलीला एकच मजकूर जातो. काही जण महिनोन्‌महिने रांग उघडत नाहीत. कधी चक्क चुकीचा निर्णय देतात. माझी एक चांगली, फोटो असलेली नोंद एका रिव्ह्यूअरनं घाईत नाकारली होती. मी तीन ओळी लिहिल्या: ही चिन्हं या फोटोत दिसतात, हे आपण पुन्हा बघाल का, नसेल जमत तर दुसऱ्या कुणाला विचाराल का. आठवड्यात नोंद कन्फर्म झाली. निर्णय दगडावरची रेघ नसतो, तो बदलता येतो. महिना-दीड महिना झाला तर आठवण करून देण्यात काही गैर नाही. मला लोक करून देतात आणि मला ते बरं वाटतं, कारण कधीकधी मेल खरंच खाली दबलेला असतो.

पण सुरुवात ‘तुम्हाला काय कळतं’ अशी झाली, की समोरचा माणूसही माणूसच आहे. आमच्यातली ती एमएस्सी करणारी मुलगी. तिला एका ज्येष्ठांनी असं पत्र पाठवलं, की तिनं दोन महिने लॅपटॉपला हात लावला नाही. त्या दोन महिन्यांत त्या जिल्ह्याच्या सगळ्याच नोंदी पडून राहिल्या, त्या ज्येष्ठांच्याही. तिच्यासारखी माणसं सोडून गेली तर त्यांच्या जागी बसायला कुणी रांगेत उभं नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं, आणि म्हणूनच तुमच्या प्रश्नाला एवढं लांबलचक उत्तर लिहितोय.

आता तुम्ही काय करायचं? जानेवारीच्या त्या यादीत जा आणि टीप बदला. आठवतं तेवढंच लिहा, आठवत नाही ते लिहू नका. पंखाची बोटं मोजली नव्हती, तर मोजली नव्हती असंच लिहा. मग स्वतःशी ठरवा. हेनवर अजून ठाम असाल तर तसं ठेवा, नोंद अनकन्फर्म्ड राहील आणि त्यात कमीपणा नाही. मन थोडं डळमळत असेल तर ‘भोवत्या, प्रजाती अनिश्चित’ असा पर्याय तिथं आहे, तो निवडा. ती नोंद सरळ जाते आणि माळावर भोवत्या होता हे तरी नोंदलं जातं. त्या रिव्ह्यूअरला दोन ओळी लिहा, की टीप सुधारली आहे. तिखट लिहिलं गेलं त्याबद्दल एक शब्द लिहिलात तर उत्तम, पण तो तुमचा प्रश्न.

आणि एक विनंती. भोवते गवतात जमिनीवर रात्र काढतात, एकाच जागी बरेच जण. त्या माळावर ते कुठं उतरतात हे तुम्हाला माहीत असणार, कारण तुम्ही तिथं संध्याकाळी असता. येत्या हिवाळ्यात, नोव्हेंबर संपता संपता, मला कळवा. मी माझा स्कोप घेऊन येतो. सूर्य मावळायच्या तासभर आधी बांधावर बसू, लांबच, त्यांना उठवायचं नाही. तुमच्या शाळेतली दोन-चार पोरं असतील तर त्यांनाही आणा; एकानं वेळ लिहायची, एकानं आकडा, आणि बाकीच्यांनी डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक भोवत्याची बोटं मोजायची.